रुमालाखालचा हात

दलालबाबांचा उजवा हात मी पहिले कित्येक महिने पाहिलाच नव्हता. तो सदानकदा खांद्यावरच्या मोठ्या रुमालाखाली झाकलेला असायचा. वैशाखात अमरावतीचा बाजार तव्यासारखा तापलेला असो की पौषात दात वाजत असोत, हात काही उघडा पडायचा नाही. मला आधी वाटलं, कोड असेल. मग बाजारात कोणीतरी कानात सांगितलं की बोटं झडलीत. एकदा त्यांच्याकडे जेवायला बसण्याचा योग आला आणि पाहतो तो काय, तिळाचं तेल चोळचोळून मऊ केलेली, चांगली लांबसडक पाच बोटं. जेवण झालं, हात धुतला, कोरडा केला आणि लगेच पुन्हा रुमालाखाली.

मी बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "मालाले झाकूनच ठेवा लागते, बाप्पा," ते म्हणाले.

त्या वेळी कापसाच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणाऱ्याचा दलाल समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर एक रुमाल पडायचा आणि त्याखाली बोटं बोलायची. अमकं बोट धरलं की अमका आकडा, मूठ आवळली की सौदा पक्का. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. या कामात नियम एकच. समोरच्या हाताने विचारलं की आपल्या हाताने उत्तर द्यायचं. हो म्हणा, नाही म्हणा, पण विचारणारा हात तसाच लटकत ठेवून उठून जायचं नाही. तसं करणाऱ्याच्या हाताखाली पुन्हा कोणी हात घालत नसे.

दलालबाबांनी हा बाजारचा नियम पार घरादारापर्यंत नेला होता. ते कोणाला नमस्कार करत नसत. तुमचा हात धरून रुमालाखाली ओढायचे आणि बोटं दाबायचे. त्या दाबण्यातून त्यांना तुमची तब्येत, दानत आणि घरातली भांडणं कळतात, असा त्यांचा दावा होता. नवखा माणूस बिचकून हात सोडवून घ्यायचा. मग त्याच्याशी ते महिनाभर बोलत नसत. "जिभीले हाड नसते," ते म्हणायचे, "बोटाले असते. म्हून बोट खोटं बोलत नाई." सगळा बाजार पाठीमागे त्यांना 'चक्रम बुढा' म्हणायचा आणि सौदा अडला की त्यांच्याच दारात यायचा.

माझं आणि त्यांचं सूत जमलं याचं मला आजही नवल वाटतं, कारण माझा सगळा धंदाच जिभेचा. मी पुण्याकडचा. चार बुकं इंग्रजी शिकलो आणि अकोल्याच्या एका कापूसवाल्या साहेबाकडे दुभाष्या म्हणून लागलो. ते दिवस मोठे गमतीचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस अडकल्यामुळे विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. ज्याच्या त्याच्या हातात पैसा खुळखुळत होता. लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करून घालत होते. आमचा साहेब दर पंधरवड्याला अमरावतीला यायचा आणि दलालबाबांसमोर बसायचा. त्याला रुमालाखालची भाषा येत नव्हती, त्यामुळे मध्ये मी.

दलालबाबा साहेबालाही 'तू'च म्हणायचे. "त्याले म्हना, तुयं डोस्कं फिरलं का बे?" असं ते म्हणाले की मी साहेबाला अदबीने सांगायचो, की बाबांना आपल्या भावाचा फेरविचार व्हावासा वाटतो. साहेब खवळून काही बोलला की मी त्याचं पेढ्यासारखं गोड करून बाबांना द्यायचो. दोघंही खूश असायचे. मला वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नाही. एके दिवशी सौदा आटोपल्यावर बाबांनी मला थांबवलं.

"मी येवढंसं बोललो," त्यांनी चिमूट दाखवली, "आन् तू येवढं लांब बोलला. बाकीचं कोनाचं होतं?"

मी हसून वेळ मारून नेली. तेही हसले, पण त्या दिवसापासून माझ्या कोणत्याही बोलण्यावर ते "हे तुयं का त्याचं?" असं विचारू लागले. आज पाऊस येईलसं दिसतं, असं म्हटलं तरी.

ते एकटे राहत. बाजारामागे दोन खोल्या, एक बैलजोडी आणि ती जुंपायची एक दमणी. भावकीत जमीन होती, ती भावांना देऊन टाकली होती. तेजीच्या दिवसांत इतर दलालांनी माड्या चढवल्या, यांनी साधी चूलही बदलली नाही. लग्न झालं होतं हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एकदा मी तापाने फणफणून त्यांच्याकडेच पडलो होतो, तेव्हा माझा हात रुमालाखाली घेऊन बसल्या बसल्या ते आपणहून बोलले.

घर भरलेलं होतं म्हणे. सासू, जावा, नणंदा, दीर. नवरा-बायकोने दिवसा एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती आणि रात्री भिंतीला कान. तेव्हा यांनी बायकोला बाजाराची बोटं शिकवली. गोधडीखाली हातात हात घालून दोघं दिवसभराचं सगळं बोलायची. कोणी काय टोमणा मारला, भाकरी कोणाची करपली, कपाशीला बोंडं कशी लागलीत. तिने काही आकडे आपल्या मनाने बदलून त्यांचे शब्द केले होते. अंगठ्याला करंगळी लावली की 'भूक लागली', असं काहीबाही.

"मले दलाली तिनंच शिकवली म्हन," ते म्हणाले. "मी नुसते आकडे जानत होतो."

मग गावात पटकीची साथ आली. ती गेली तेव्हा तिचा हात त्यांच्याच हातात होता. ते विचारत होते आणि हात तसाच होता. हे त्यांनी एवढंच सांगितलं आणि उठून माझ्यासाठी पेज करायला गेले. मी तापात होतो, तरी त्या घरातला एकटेपणा मला तेव्हा अंगावर आल्यासारखा जाणवला. बाजारभर हात धरत फिरणारा हा माणूस खरं तर कोणाच्या हाताची वाट पाहत होता, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात साहेबाने अकोल्याच्या बंगल्यावर पियानो आणवला. रेल्वे नुकती अकोल्यापर्यंत पोहोचली होती आणि तिच्यातून उतरलेलं ते धूड बंगल्यावर न्यायला दहा-बारा हमाल लागले होते. साहेबाची मडम दोन वर्षं त्या बंगल्यात होती. मोर्णा नदीच्या काठाने एकटीच फिरताना दिसायची. तिच्याशी बोलायला गावात बाईमाणूस नव्हतं, आणि साहेबाला कापसाखेरीज काही सुचत नव्हतं. पियानो आल्यावर तिने एक दिवस सगळ्यांना बोलावून वाजवायचं ठरवलं. साहेबाने रेल्वेचे इंजिनियर, एक पाद्री, दोन-चार बायका अशी गोरी मंडळी बोलावली आणि शोभेला आम्हीही असावं म्हणून काही शेठ आणि दलाल. मला सक्त ताकीद होती, की आपल्या लोकांना सांगून ठेव: बोलायचं नाही, वाहवा करायची नाही, पान खायचं नाही, संपेपर्यंत जागचं हलायचं नाही.

मी अमरावतीहून बाबांना दमणीतून घेऊन निघालो. बडनेऱ्याला मी ताकीद सांगितली, मूर्तिजापूरला मुक्कामात पुन्हा सांगितली.

"बोलाचं नाई ना?" ते म्हणाले. "मंग तं आपलाच बाजार झाला."

दिव्यांवर किडे येतात म्हणून कार्यक्रम उन्हं कलायच्या आधीच ठेवला होता. दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. पियानो भिंतीला लावलेला, काळा, चकचकीत, एखाद्या कपाटासारखा. मडम आली, वाकली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तंबोरा नाही, तबला नाही, म्हणून मी आपला ही बाई आता गाईल, मग गाईल अशी वाट पाहत बसलो. ती गायलीच नाही. नुसतं वाजवत राहिली. पाण्याची घागर कलंडावी तसे सूर यायचे, मध्येच थेंबथेंब व्हायचे. थोड्या वेळाने मला जांभया येऊ लागल्या आणि मी इंजिनियरांच्या टोप्या न्याहाळायला लागलो. शेजारचे शेठजी तर घोरायच्या बेतात होते.

बाबा मात्र पुढे झुकून बसले होते. आम्हाला कडेच्या खुर्च्या मिळाल्या होत्या, त्यामुळे तिचे हात दिसत होते. त्यांची नजर त्या हातांवरून हलत नव्हती, आणि त्यांच्या रुमालाखाली काहीतरी चुळबुळ चालली होती.

"डावा हात इकनारा हाये," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "उजवा घेनारा. पाह्य, थो नाई म्हनते. आता हा चढून रायला."

"बाबा, बोलायचं नाही."

"भाव नाई जमून रायला तिचा."

मी त्यांचा गुडघा दाबला. गंमत अशी की त्यांनी सांगितल्यावर मलाही तसंच दिसायला लागलं. एक हात काही मागत होता, दुसरा देत नव्हता. मागणारा हात वर वर जात होता, विनवत होता, पुन्हा खाली येऊन हळू आवाजात तेच विचारत होता. तेवढा वेळ मी जागा होतो.

मग ती थांबली. संपलं असं वाटून शेठजींनी डोळे उघडले, पण गोऱ्या मंडळींपैकी कोणी टाळी वाजवली नाही. वाजवण्यातलीच ती थांबायची जागा असावी. डावा हात मांडीवर आला होता आणि उजवा पट्ट्यांच्या वर अधांतरी होता, बोटं जरा वाकलेली. सगळा दिवाणखाना चिडीचूप.

"इचारलं तिनं," बाबा म्हणाले. "कोनीच सांगून नाई रायलं."

मी काही करायच्या आत ते उठले. ताठ चालत पियानोपाशी गेले. खांद्यावरचा रुमाल नीट पसरून हातावर घेतला, तो हात तिच्या हातापासून अंतर राखून पट्ट्यांवर ठेवला आणि रुमालाखालूनच एक पट्टी दाबली. खालच्या अंगाची, जाड आवाजाची पट्टी होती. आवाज खोलीभर झाला आणि हळूहळू विरला. दाबून झाल्यावर ते तसेच उभे राहिले. उत्तर दिलेल्या माणसाने मूठ आवळली जाण्याची वाट पाहायची असते, तसे.

मग एकच गलका झाला. एक बाई किंचाळली. साहेब लालबुंद होऊन ओरडला, शिपाई धावला आणि बाबांना दंडाला धरून बाहेर नेऊ लागला. त्यांनी जराही विरोध केला नाही. फक्त उलट्या पावलांनी चालत गेले, तिच्या हातांकडे बघत. तिने हात मांडीवर घेतले होते आणि ती वळलीही नव्हती. दार लागलं.

साहेब माझ्याकडे वळला, पण त्याच्या आधी मडमेनेच मला विचारलं, की या म्हाताऱ्याला काय म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न घालता, काही न गाळता सांगितलं. आमच्या बाजारात हात विचारतो आणि हातच उत्तर देतो. विचारणारा हात लटकत ठेवणं हा मोठा अपमान. त्यांना वाटलं, तुम्ही विचारलंत आणि एवढ्या लोकांत कोणी उत्तर दिलं नाही.

ती पुन्हा पियानोकडे वळली. साहेबाने तिला पुढे वाजवायला सांगितलं. तिने उरलेलं वाजवलं, टाळ्या झाल्या, माणसं उठली, खुर्च्या सरकल्या. ती उभी राहिली. आणि निघता निघता वाकून तिने एका बोटाने तीच पट्टी दाबली, बाबांनी दाबलेली. आवाज पूर्ण विरेपर्यंत बोट तसंच दाबून ठेवलं आणि बंद दाराकडे पाहिलं. साहेबाने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं नाही. त्या दुपारच्या सगळ्या वाजवण्यातलं मला तेवढं एकच कळलं, पण ते पुरतं कळलं. मी तसाच बाहेर पळत सुटलो.

बाबा अंगणात नव्हते. त्यांनी दमणी जुंपून केव्हाच रस्ता धरला होता. मोर्णेच्या उतारावर मी त्यांना गाठलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. ते ऐकत होते तोवर त्यांचा चेहरा क्षणभर असा काही उजळला, की तेवढ्यासाठी मी आणखी कोसभर पळालो असतो. मग तो विझला.

"हे तुयं का तिचं?" त्यांनी विचारलं.

"तिचं, बाबा. शपथ घेऊन सांगतो. तीच पट्टी, एका बोटाने."

"तू तं दोनी बाजूचं गोड करून सांगतं. तुया धंदाच थो हाये." आवाजात राग नव्हता. "मले बरं वाटावं म्हून सांगून रायला तू."

"मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"रुमालाखाली तुया हात होता काय? नाई ना? मंग साक्ष कायची?"

मी म्हटलं, मडमेकडून चिठ्ठी लिहून आणतो. तर म्हणाले, "आन् थे चिठ्ठी मले वाचून कोन दाखवन? तूच ना?" एरवी मी शेकडो खोट्या गोष्टी त्यांच्या गळी उतरवल्या असतील, आणि ही एक खरी गोष्ट काही केल्या उतरेना.

साहेबाने त्यांच्याशी व्यवहार तोडला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण त्या उन्हाळ्यात ते दोनदा अकोल्याला आले. काम काही नव्हतं. बंगल्याच्या कुंपणाबाहेर निंबाखाली हात रुमालात घेऊन बसायचे. शिपाई हाकलायचा, हे थोडे सरकून पुन्हा बसायचे. आतून पियानो वाजला नाही. उन्हाने त्याचं लाकूड तडकलं होतं आणि मडम तापाने अंथरुणाला खिळली होती. मी हेही त्यांना सांगितलं. एवढं मात्र त्यांनी खरं मानलं. वाईट बातमी कोणी दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

पावसाळ्याच्या तोंडावर तिला मुंबईला नेलं आणि तिथून विलायतेला. पुढे तिकडची लढाई मिटली, कापसाचे भाव कोसळले, आमच्या साहेबानेही गाशा गुंडाळला. शिंगांच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. ती विलायतेला गेल्याचं मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी रुमाल हातावर नीट ओढून घेतला. मग म्हणाले, "मंग थे उत्तर राह्यलंच."

मला अमरावतीलाच कचेरीत नोकरी लागली. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचो. बाजार बदलला होता. तारेने भाव यायला लागले होते आणि पोरं चौकात उभी राहून आकडे ओरडत होती. बाबांच्या हाताखाली हात घालायला कोणी येत नव्हतं. ते म्हातारे झाले, बोटं थरथरू लागली, तरी तेल चोळणं चालू होतं. मी गेलो की पाणी देत आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर न चुकता म्हणत, "सांग बरं, कशी दाबली तिनं?" मी सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. संपलं की मान हलवायचे आणि म्हणायचे, "झ्याक सांगतं बाप्पा तू." एखाद्या कीर्तनकाराला म्हणावं, तसं. मला अक्षरशः रडू यायचं.

एका रविवारी गेलो तर ते खाटेवर पडून होते. अंगात कणकण होती. पाणी मीच घेतलं, त्यांनाही पाजलं. त्यांनी तेच विचारलं. त्या दिवशी मला शब्दांचा वीट आला. मी खाटेशी बसलो, उशाचा रुमाल घेऊन त्यांच्या हातावर पसरला आणि माझा हात आत घातला. त्यांचा तळहात सापडला. गरम होता. मी एका बोटाने तो दाबला, तिने पट्टी दाबली होती तसा, सावकाश, आणि एक मोठा आवाज विरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बोट तसंच ठेवलं.

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा श्वास संथ झाला. मला वाटलं, पोचलं एकदाचं.

थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "हे तं तुयं बोट हाये."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी रुमालाखाली मूठ आवळली आणि संध्याकाळपर्यंत माझा हात सोडला नाही.